एका खोलीत दोन भाडेकरू

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या जुन्या विद्यार्थ्याच्या अम्मींचा फोन आला. "सर, जरा घरी येऊन जा. पोरगा दोन दिवस धड जेवला नाही. कामावर काहीतरी झालंय, सांगतो पण आम्हाला कळत नाही." आम्हाला तरी काय कळणार! आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे. मुलगा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून एमआयडीसीत खाऊचे पुडे भरणाऱ्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलेला. तरी गेलो.

त्या कारखान्यातले पुडे भरण्याचे मशीन पीएलसीवर चालते. पीएलसी म्हणजे पॅनेलच्या पेटीत बसवलेला छोटा संगणक. सेन्सर आणि बटणे काय सांगतात ते तो वाचतो, दिलेल्या प्रोग्रामप्रमाणे ठरवतो आणि मोटर, दिवे, हीटर चालू-बंद करतो. हा फेरा सेकंदात कितीतरी वेळा होतो. मधल्या गोष्टी लक्षात ठेवायला त्याच्याकडे स्मृती असते आणि तिच्यातल्या प्रत्येक जागेला पत्ता असतो. हा पीएलसी सीमेन्सचा. त्यात अशा जागांच्या पत्त्याआधी 'एम' लावतात. हा एम जर्मन 'मेर्कर' या शब्दाचा. लक्षात ठेवणे या अर्थाच्या क्रियापदावरून तो आला आहे. भाषेच्या शिक्षकाला एवढा तरी धागा हाती लागला.

पुड्याचे तोंड गरम पट्टीने दाबून बंद करतात. किती वेळ दाबायचे, तर 300 मिलिसेकंद. आमच्या विद्यार्थ्याला वरिष्ठांनी सांगितले, पाळीत किती पुडे निघाले ते मोजायची सोय कर. त्याने ती केली. दुसऱ्या दिवशी फिल्म करपू लागली. ऑपरेटर म्हणाला, दाबायचा वेळ आपोआप वाढतो. सुपरवायझर म्हणाले, तुझी मोजणी सारखी 1 वर येते. सेन्सर बदलला, वायर बदलली, फरक पडला नाही. शेवटी जुना प्रोग्राम परत टाकून मशीन चालू केले आणि याला सांगितले, सोमवारपर्यंत चूक शोध, नाहीतर पुढचे पुढे पाहू. त्याच्या शिकाऊपणाचा शेवटचा महिना चालू होता. घरात आता ताट का फिरत होते ते समजले.

त्याने वहीत आकडे टिपून ठेवले होते. पुडा 1, वेळ 300. पुडा 2, वेळ 556. पुडा 3, वेळ 812. आम्ही शाळामास्तराच्या सवयीने वजाबाकी केली. दर वेळी 256. "बेटा, हा 256 कुठून आला?" एवढेच विचारले. तो वहीकडे बघत राहिला, मग कपाळावर हात मारून म्हणाला, "सर, दोघांना एकच बाइट दिलाय मी."

मग त्याने वहीत चौकोन काढून आम्हाला समजावले, ते असे. बाइट म्हणजे चाळीतली एक खोली. खोलीत आठ बल्ब, त्यांना बिट म्हणतात, नंबर 0 ते 7. दहाव्या खोलीतला पहिला बल्ब एम 10.0, शेवटचा एम 10.7. एम 10.8 असे काही नसतेच. त्यापुढे एम 11.0. (शून्यापासून मोजायला आमच्या सातवीच्या वर्गात निम्मी पोरे अडतात, म्हणून हे इथे थांबून सांगितले.) आठ बल्बांत 0 ते 255 एवढेच आकडे बसतात. त्याहून मोठ्या आकड्याला दोन खोल्या लागतात. दोन खोल्यांच्या जोडीला वर्ड म्हणतात आणि दारावर पाटी लागते ती फक्त पहिल्या खोलीच्या नंबराची. एमडब्ल्यू 10 म्हणजे खोली 10 आणि 11. एमडब्ल्यू 11 म्हणजे खोली 11 आणि 12. पाट्या वेगळ्या दिसतात, पण अकरावी खोली दोघांची. चार खोल्यांचा डबल वर्ड घेतला, एमडी 10, तर तो थेट 13 पर्यंत पसरतो.

त्याने मोजणी एमडब्ल्यू 10 मध्ये ठेवली होती. दाबायचा वेळ आधीपासून एमडब्ल्यू 11 मध्ये होता. 300 म्हणजे 256 चा एक गठ्ठा आणि वर 44. गठ्ठ्यांचा आकडा खोली 11 मध्ये, 44 खोली 12 मध्ये. मोजणीचे एकक बसते तेही खोली 11 मध्येच. म्हणून पुडा एकाने पुढे गेला की वेळेत एक गठ्ठा वाढायचा. ऑपरेटरने पुन्हा 300 टाकले की अकराव्या खोलीत 1 यायचा आणि मोजणी 1 वर. दोघेही खरे बोलत होते.

आकड्याचा मोठा भाग लहान नंबराच्या खोलीत ठेवणे ही या पीएलसीची रीत. आपल्या घरातले बहुतेक संगणक उलटे ठेवतात. उर्दू ओळ उजवीकडून चालते, पण त्याच ओळीतला 300 आपण डावीकडूनच लिहितो. त्यामुळे आम्हाला यात नवल वाटले नाही, त्यालाच वाटले.

चूक झाली ती अडाणीपणाने नव्हे. कॉलेजात तो मित्सुबिशीच्या पीएलसीवर शिकला. तिथे डी 10, डी 11 असे पत्ते असतात आणि प्रत्येक डी मुळातच 16 बिटांचा, म्हणजे दोन खोल्यांचा. शेजारचे दोन बिनधास्त वापरता येतात. (32 बिटांचा आकडा ठेवला तर मात्र डी 10 च्या जोडीला डी 11 ही जातो.) एका चाळीची रीत दुसऱ्या चाळीत चालवली, एवढेच. परीक्षेत पत्त्यांचे प्रकार लिहा म्हणून गुण मिळतात, खोल्या काढून कोणी दाखवत नाही, आणि माहितीपुस्तक इंग्रजीत. यात आम्ही शिकवणारेही आलो. सीमेन्सच्या नव्या पीएलसीत जागेला नुसते नाव देऊन भागवायची सोय आहे, जागा तोच शोधतो. पण 'एम'चे पत्ते तिथेही नंबरानेच असतात.

"मग मोजणी एमडब्ल्यू 12 ला टाक," आम्ही हुशारीने म्हणालो. तो हसला, दोन दिवसांत पहिल्यांदाच. "सर, खोली 12 मध्ये वेळेचे 44 बसलेत. शिवाय एम 13.2 वर लाल दिवा आहे." सॉफ्टवेअर कोणता बाइट कुठे वापरला त्याची यादी काढून देते, ती त्याने आधी पाहिलीच नव्हती. आता पाहिली. मोजणीला 40 आणि 41 रिकामे मिळाले. वर्डसाठी कायम सम नंबरच घ्यायचा, असे त्याने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिले. अम्मींनी तेवढ्यात ताट वाढले आणि आम्हालाही बसवले.

सोमवारी रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. पाळी संपली, मोजणी चुकली नाही, वेळ 300 वरून हलला नाही. कायम केल्याचे पत्र मात्र हे लिहीपर्यंत आलेले नाही.