हौदात पैलवान सोडून कुणी नको

खोडव्याला पाणी चालू आहे, पाचट कुजायला लागलंय, त्याचे फोटो पुढच्या वेळी टाकतो. आज रानातल्या मातीऐवजी हौदातल्या मातीचं लिहायचंय. काही जणांना झोंबेल. झोंबू दे.

मुद्दा आधीच सांगतो. कुस्तीच्या मैदानात हौदात लढणारे दोघं, पंच आणि फार तर दोन्हीकडचे वस्ताद, एवढीच माणसं पाहिजेत. बाकी सगळे बाहेर. आमदार असू दे, कारखान्याचा संचालक असू दे, जत्रा कमिटीचा अध्यक्ष नाहीतर त्याचा मेहुणा असू दे. आणि एक नंबरची कुस्ती रात्री आठच्या आत लागली पाहिजे.

हे आत्ताच का सुचलं? माझा भाचा पुण्याला असतो, पंधरा वर्षांचा आहे. सुट्टीला आला म्हणून शेजारच्या एका गावच्या जत्रेत मैदान दाखवायला घेऊन गेलो. गावाचं नाव घेत नाही, कारण तिथं झालं तेच गावोगाव होतंय, आमच्या गावात पण होतंय.

पोस्टरवर दुपारी तीनची वेळ होती. आम्ही अडीचला जाऊन जागा धरली. पाचला नारळ फुटला. हलगी वाजायला लागली, पोरं अंगाला माती लावून हौदाभोवती फिरायला लागली, जोड्या लागायला लागल्या. भाचा खूश. रेवड्यांच्या कुस्त्या त्यानं कधी बघितल्या नव्हत्या. सात-आठ वर्षांची पोरं शड्डू ठोकून एकमेकांना भिडतात आणि हरलेलं पोरगं पण मूठभर रेवड्या घेऊन पळतं, ते बघून हसत होता. एवढं झकास चाललं होतं.

मग एकेक पाहुणे यायला लागले. गाडी आली की फटाके. फटाके झाले की स्पीकरवर नाव. नाव घेतलं की पाहुणा हौदात. त्याच्या मागं दहाजण हौदात. फेटा, शाल, नारळ, फोटो. फोटोवाला म्हणणार, "साहेब, जरा इकडं बघा." तासाभरात हौदात पैलवानांपेक्षा पांढरी कापडं जास्त. आम्ही बसलो होतो तिथनं कुस्ती दिसायची बंद झाली, नुसत्या पाठी दिसत होत्या.

भाच्यानं विचारलं, "मामा, ती माणसं आत कशाला उभी आहेत?"

मी म्हटलं, पाहुणे आहेत.

"मग पाहुण्यांना बाहेर खुर्ची नाही का?"

खुर्च्या होत्या. सोफे होते, त्यावर पांढरी चादर होती, पुढं पाण्याच्या बाटल्या होत्या. पण सोफ्यावर बसला तर फोटोत पैलवान कसा येणार?

पोरगं असं का विचारतंय ते नंतर कळलं. त्याच्या वडिलांनी त्याला पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर प्रोफेशनल गोल्फची स्पर्धा बघायला नेलं होतं. तिथं म्हणे खेळाडू चेंडूपाशी उभा राहिला की आजूबाजूचं माणूस चिडीचूप. कुणी पुढं जात नाही, कुणी मध्ये येत नाही. मोठ्या स्पर्धांत तर कडेनं दोरी बांधलेली असते आणि दोरीच्या आत बघणाऱ्याचा पाय पडत नाही. अमेरिकेत ऑगस्टा म्हणून गाव आहे, तिथं दर एप्रिलला मास्टर्स नावाची गोल्फची जगातली नावाजलेली स्पर्धा होते. तिथं बघायला जाणाऱ्याला मोबाईल आत न्यायलाच बंदी. आपल्याकडं असा नियम काढला तर निम्मे पाहुणे घरातनंच निघायचे नाहीत.

आता कुणीतरी खाली लिहिणार, "दादा, गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, त्याचं कौतुक आम्हाला सांगू नका." अहो, मला त्या खेळातलं काही कळत नाही. एवढं हिरवं गवत जोपासायला पाणी किती लागत असेल, हा शेतकऱ्याचा प्रश्न माझ्या पण डोक्यात येतो. पण दिल्लीचा अली शेर पोरवयात दुसऱ्यांच्या गोल्फच्या पिशव्या उचलायचा, त्यानं 1991 ला इंडियन ओपन जिंकली. पिशवी उचलणाऱ्यालासुद्धा दोरीच्या आतला खेळ जवळनं बघायला मिळाला होता. आपल्या मैदानात कडेच्या पोराला काय दिसतंय, तेवढं सांगा.

त्या दिवशीचं खरं वाईट पुढंच आहे. साडेसातच्या सुमाराला दोन पोरं लागली, चौदा-पंधरा वर्षांची. माझ्या भाच्याच्याच वयाची, त्यामुळं तो उठून उभा राहिला. जोड तोडीस तोड होती. पहिली दोन-तीन मिनिटं खडाखडी. मग एकानं चपळाईनं पट काढला, दुसरा खाली गेला, वरच्यानं घिस्सा मारायला पकड घेतली. खालचा पण कच्चा नव्हता, मातीला चिकटून राहिला होता. सगळं मैदान त्या दोघांकडं बघत होतं. आणि फटाके वाजले. कोण आलं होतं ते सांगत नाही. स्पीकरवरनं सांगितलं, कुस्ती सोडवून घ्या. पंचानं दोघांना उठवलं, दोघांचे हात वर केले, बरोबरी. दीड मिनिटात तिथं शाल-फेटा सुरू.

पट काढलेल्या पोराचा बाप आमच्या खालीच टॉवेल आणि बनियन घेऊन उभा होता. दोन म्हशी, थोडं रान. घरचं एक वेळचं दूध डेअरीला न घालता पोराला पाजतो, वर बदाम विकत आणतो. मंडळी, दुधाचा हिशोब तुम्हाला मी सांगायला नको. वर्षभर घरात तेवढा पैसा कमी आला तो या दहा मिनिटांसाठी. तो एवढंच म्हणाला, "उचलला असता त्यानं." पोरगं आलं ते बापाकडं न बघता कपडे घालायला लागलं.

माझा भाचा त्यानंतर गप्पच झाला. एक नंबरची कुस्ती अकरा वाजून गेल्यावर लागली. तोवर निम्मं मैदान रिकामं. कुणाची शेवटची एसटी गेली होती, कुणाला रात्रीची लाईट होती म्हणून मोटर चालू करायला जायचं होतं. मैदानाला येणारा माणूस शेतकरी आहे, पहाटे पाचला धार काढतो, हे कमिटीतल्या लोकांना माहीत नसतं का? ते पण शेतकरीच आहेत. पण पाहुण्यांच्या गाड्या उशिरा येतात, म्हणून कुस्त्या उशिरा.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन मी मंगळवार पेठेत गेलो, खासबागेत. म्हटलं, मैदान कसं असावं ते तरी पोराला दाखवू. त्या दिवशी कुस्ती वगैरे काही नव्हती, मोकळंच होतं.

शाहू महाराज 1902 ला विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं गोल मैदान बघितलं आणि कोल्हापुरात तसं काहीतरी करायचं मनात घेतलं. 1912 ला खासबाग तयार झालं. आकार बघा त्याचा. परातीसारखं आहे. मधोमध हौद, आणि चारी बाजूला बसायला चढ, मागचा माणूस पुढच्याच्या डोक्यावरनं बघणार. मी भाच्याला सगळ्यात वरच्या टोकाला बसवलं आणि स्वतः खाली हौदापाशी जाऊन हात वर केला. तीन बोटं दाखवली. तो वरनं ओरडला, "तीन!" मग चार दाखवली. "चार!" ना कॅमेरा, ना मोठा पडदा. शंभरावर वर्षं झाली की हो त्या बांधणीला.

आता विचार करा. तो राजा होता. त्याला पाहिजे ती जागा घेता आली असती. पण मैदान बांधताना त्यानं शेवटच्या पायरीवरच्या माणसाला काय दिसेल याची काळजी घेतली. मानाच्या लोकांना एका बाजूला स्टेज ठेवलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आग लागली, शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा त्या स्टेजलाही झळ बसली. सगळं कोल्हापूर हळहळलं, मी पण हळहळलो. पण मैदानाचा जो मूळ हिशोब होता, कडेच्या माणसाला मधलं दिसलं पाहिजे, तो आपण गावोगाव रोज मोडतोय आणि त्याची हळहळ कुणाला नाही.

आणि ती माती. बघणाऱ्याला वाटतं तांबडी माती आणून ओतली की झालं. माती चाळायची, त्यात ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर घालायचा, खोऱ्यानं खालीवर करायची. चांगली जमलेली माती हातात धरली की ढेकूळ होत नाही आणि उडत पण नाही. पेरणीआधीच्या वाफशासारखी. पोरगं पडलं तर हाड मोडू नये आणि खरचटलं तर चिघळू नये, म्हणून एवढा खटाटोप. पैलवान आत जाताना ती माती कपाळाला लावतो. आणि आमचे पाहुणे बूट घालून तीच तुडवत फोटो काढतात! आपल्या रानात वाफसा नसताना कुणी ट्रॅक्टर घातला तर आपण त्याला काय बोललो असतो?

कमिटीवाल्यांचं उत्तर मला पाठ आहे. "पाहुण्यांना मान दिला नाही तर इनाम कोण देणार?" बरं. इनाम देतात हे मान्य. त्यांचं नाव स्पीकरवर दहादा घ्या, कमानीवर लावा, सोफा पहिल्या रांगेत टाका, सगळे सत्कार कुस्त्या सुरू व्हायच्या आधी उरकून टाका. पण जत्रेची वर्गणी घरटी निघते, ती देणाऱ्याला पाठी बघायला बोलावता का? आणि खरा शौकीन पुढारी असेल तर तोच म्हणेल, मला बाहेर बसून कुस्ती बघू द्या. असे पण आहेत, मी बघितलेत. हौदाच्या कडेला मांडी घालून बसतात आणि डाव बसला की फेटा उडवतात.

दुसरं उत्तर, "हल्लीची पोरं मोबाईलमधनं डोकं काढत नाहीत, त्यांना कुस्ती नको आहे." साफ खोटं. माझा भाचा अडीच ते साडेसात, पाच तास, मोबाईल खिशात ठेवून बसला होता. ती कुस्ती सोडवल्यावर त्यानं मोबाईल काढला.

खासबागेच्या पायरीवर बसून मी त्याला नावं सांगत होतो. श्रीपती खंचनाळे, 1959 चे पहिले हिंदकेसरी. गणपत आंदळकर, 1960. मारुती माने, 1964. त्याच्या आधी 1952 ला खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले, ऑलिंपिकचं ब्राँझ घेऊन आले, आणि ते इथल्याच राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. ऐकून घेतलं त्यानं, पण मध्येच विचारलं, "मामा, कालच्या त्या मुलाची कुस्ती परत लावतील का?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या वयाच्या पोराला मोठ्या नावांपेक्षा आपल्या वयाचा गडी कसा लढतो ते बघायचं असतं. म्हणून सांगतो, तुमच्या पोरांना रात्री एक नंबरच्या कुस्तीला नेऊ नका, दुपारी न्या, चिल्लर कुस्त्यांना. पोरींना पण न्या. वरच्या बाजूला बसवा, कुणाचा पट निघतोय, कुणाची मान भक्कम आहे, ते त्यांचं त्यांना ओळखू द्या. आणि लागलेली कुस्ती कुणासाठी सोडवायला लागले तर बसल्या जागेवरनं ओरडा. शंभर माणसं ओरडली की पंचाला पण बळ येतं.

आमच्या गावची जत्रा चैत्रात आहे. कमिटीची बैठक पुढच्या आठवड्यात. मी तिथं एवढंच मांडणार आहे. हौदापासनं पाच हात सोडून चारी बाजूनं दोरी बांधायची, सत्कार तीनच्या आधी, आणि निकाल लागल्याशिवाय पोरांची कुस्ती सोडवायची नाही. दोरी माझ्याकडनं, खुंट पण मीच आणतो. कुणाला माप पाहिजे असेल तर खाली विचारा.