कोळशाची शेगडी आणि शेतकऱ्याचे जळण

थंडीचे दिवस जवळ आले की जळणाचा प्रश्न घरोघर निघतो. स्वयंपाकाचे जळण बारमाही लागतेच. परंतु मार्गशीर्ष-पौषात त्यावर न्हाणीच्या पाण्याचा, म्हाताऱ्या माणसांच्या शेकण्याचा आणि घरात बाळंतीण असल्यास तिच्या खोलीतील उबेचा खर्च वाढतो. नागपुरास डिसेंबर २०१८च्या अखेरीस पारा ३.५ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. अशा रात्री पत्र्याच्या छपराखाली काढणाऱ्यांस ऊब ही चैनीची वस्तू आहे असे कोणीही सांगू नये.

गॅसचे सिलिंडर पुन्हा भरून घेणे जड जाते, म्हणून कोळशाची शेगडी घ्यावी, त्यात निम्म्याने बचत होते, असा सल्ला वर्धा खोऱ्यातील खाणींच्या आसपासच्या गावांतून अलीकडे पुष्कळ ऐकू येतो. चंद्रपूर, वणी, उमरेड या बाजूस कोळसा दाराशीच आहे, मग तो का वापरू नये, असा हा युक्तिवाद आहे. तो वरवर बिनतोड दिसतो. आमचे मत त्याहून निराळे आहे. आणि ते केवळ धुराच्या भीतीने बनलेले नसून हिशेबाने बनलेले आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की कोळशाच्या शेगडीने घर उबदार ठेवून पैसा वाचविणारी माणसे जगात आहेत. अमेरिकेच्या पेनसिल्व्हानिया प्रांताच्या ईशान्य भागात अँथ्रासाइट जातीचा कोळसा निघतो. तो जवळजवळ निखळ कार्बन असून पेटल्यावर त्यास धूर असा नसतोच. तेथील हिवाळा पाच-सहा महिन्यांचा. तेल किंवा वीज जाळून सबंध घर तापवावयाचे तर बिल मोठे येते. त्यामुळे बंद तोंडाची लोखंडी शेगडी, तिला छपराबाहेर गेलेले पक्के धुराडे, आणि विषारी वायूची सूचना देणारे यंत्र भिंतीवर, एवढी सिद्धता करून तेथील गृहस्थ कोळसा जाळतो व त्यास तो परवडतो. परंतु या तीन गोष्टींपैकी एकही आपल्या शेगडीस नाही. आणि कोळसाही तो नव्हे.

शिवाय युरोपातील अनुभव याच्या उलट बाजूचा आहे. १९५२च्या डिसेंबरात लंडन शहर घरोघरच्या कोळशाच्या धुराने कोंडले व हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. पोलंडमधील क्राकूव शहराने सप्टेंबर २०१९पासून घरात कोळसा आणि लाकूड दोन्ही जाळण्यास बंदी केली. इंग्लंडात धुराचा घरगुती कोळसा विकणेच मे २०२३पर्यंत पूर्णपणे थांबविण्यात आले. ज्यांनी दोनशे वर्षे कोळशावर घरे तापविली त्यांनीच तो घराबाहेर घालविला, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

आता आपला हिशेब पाहू. आपल्याकडील कोळशात राखेचा अंश पुष्कळ, साधारणपणे शेकडा ३० ते ४५ असतो, व एका किलोत सुमारे ४००० किलोकॅलरी उष्णता धरता येते. चांगल्या वाळलेल्या लाकडाची उष्णताही जवळपास एवढीच आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. गॅसच्या एका किलोत सुमारे १०,८०० किलोकॅलरी असतात, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरात दीड लाखाच्या वर झाल्या. गॅसच्या चुलीत त्यांपैकी शेकडा ६० भांड्यास लागतात असे धरले तर सुमारे ९२,००० किलोकॅलरी कामी येतात. उघड्या शेगडीत मात्र बहुतेक उष्णता चोहोबाजूंनी उडून जाते. तिचा सहावा हिस्सा भांड्यास लागतो असे उदारपणे धरले, तरी एका सिलिंडराचे काम होण्यास सुमारे १४० किलो कोळसा लागेल. यावरून प्रत्येकाने आपापल्या गावचा भाव लावून पाहावा. सिलिंडर ९०० रुपयांस पडते असे धरल्यास कोळसा किलोला ६ रुपये ४० पैशांच्या आत घरपोच मिळाला तरच तो स्वस्त. एरव्ही तो महाग. त्यातून कोळसा पेटण्यास लागणारा वेळ, पेटविण्यास लागणारे सरपण किंवा घासलेट, आणि स्वयंपाक संपल्यावर उगाच जळत राहिलेले निखारे हा खर्च निराळाच. शेगडी गॅससारखी कळ फिरवून विझत नाही. शेवटी दर सिलिंडरामागे पन्नासएक किलो राख घरात उरते, ती कोठे टाकावी याचा विचार सल्ला देणारे कधीच करीत नाहीत.

या राखेसंबंधाने एक इशारा येथेच देणे इष्ट आहे. आपल्या घरची चुलीतील राख ही शेतकऱ्याची ठेव आहे. ती उकिरड्यावर जाते, बियाण्यास चोळली जाते, परसातील भाजीवर धुरळली जाते. तिच्यात पालाश असतो. दगडी कोळशाची राख दिसावयास तशीच, परंतु गुणाने मुळीच तशी नाही. तिच्यात पालाशाचा लाभ नगण्य आणि नको त्या जड धातूंचे अंश मात्र असतात. ती खताच्या खड्ड्यात मिसळू नये, तिने भांडी घासू नयेत आणि ती विहिरीच्या काठी टाकू नये.

पैशाचा मुद्दा येथपर्यंत. याहून गंभीर मुद्दा बाळंतिणीच्या खोलीचा आहे, आणि त्याविषयी आम्ही थोडे विस्ताराने लिहिणार आहोत.

आपल्याकडे बाळंतिणीस व बाळास शेक देण्याची चाल जुनी आहे. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा-बाळंतशेपांची धुरी, दारे-खिडक्या लावलेल्या आणि फटींतून चिंध्या कोंबलेल्या. वारा लागू नये हा हेतू चांगलाच आहे. पूर्वी ही खोली कुडाच्या भिंतींची आणि कवलारू छपराची असे. कितीही दारे लावली तरी कवलांमधून हवा येत-जात राही. आता तीच चाल सिमेंटच्या, पक्क्या छताच्या आणि घट्ट खिडक्यांच्या खोलीत चालू आहे. चाल तीच राहिली, पण घर बदलले, आणि एवढ्यानेच ती प्राणघातक होऊ शकते.

याचे कारण असे की निखाऱ्यास पुरेशी हवा मिळाली नाही म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू सुटतो. त्यास रंग नाही, वास नाही, डोळ्यांची आग होत नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू अंगभर पोचतो त्या द्रव्यास हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. प्रथम डोके जड होते, मळमळते, मग गुंगी येते. आणि बाळंतीण थकली आहे, तिला झोप लागली आहे, असे समजून घरची माणसे हलक्या पावलांनी दार ओढून घेतात. उत्तर हिंदुस्थानात दर हिवाळ्यात अंगीठी घेऊन बंद खोलीत निजलेली सबंध कुटुंबे सकाळी मृत आढळल्याच्या बातम्या येतात, त्या याच वायूच्या. लोकांचा एक समज असा की धूर निघून गेलेला लालभडक निखारा निर्धोक असतो, म्हणून शेगडी अंगणात पेटवून धूर ओसरल्यावर आत आणतात. धूर गेला हे खरे. वायू गेला नाही. उलट धूर असता तर माणूस खोकला तरी असता आणि दार उघडले असते. लाकडी कोळशाचीही गोष्ट हीच आहे, तो देशी म्हणून सौम्य समजू नये.

यास्तव आमचे स्पष्ट म्हणणे असे की, धुराडे नसलेली कोणतीही शेगडी निजण्याच्या खोलीत रात्री ठेवू नये. बाळंतिणीच्या तर मुळीच नाही. शेक द्यावयाचा तर वाळूची पुरचुंडी किंवा गरम पाण्याची पिशवी बाहेर तापवून आणावी, ती आईच्या अंगास सोसेल इतकीच ऊन असावी, आणि बाळास अंथरुण-पांघरुणाने व आईच्या अंगाशी धरून ऊब द्यावी. घरातील वडीलधाऱ्या बायकांस हे सांगताना त्यांचा अनुभव मोडीत काढण्याचे कारण नाही. कवलारू घरात त्यांनी केले ते त्या घरास योग्य होते, एवढे सांगितले म्हणजे बहुधा पटते.

मग ऊब आणि ऊन पाणी कोठून आणावयाचे? कापूस-तुरीच्या मुलखातील शेतकऱ्यापाशी या प्रश्नाचे उत्तर बांधावरच पडलेले असते. पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी चांगली वाळली तर किलोमागे कोळशाइतकीच उष्णता देते, राख थोडी देते, आणि ती राख शेतात चालते. तीन दगडांच्या चुलीत मात्र तिची दहावा हिस्साच उष्णता भांड्यास लागते. त्या चुलीत एका सिलिंडराचे काम होण्यास सुमारे २३० किलो पऱ्हाटी हवी. जाळी, हवेची वाट आणि धुराडे असलेल्या सुधारलेल्या चुलीत पाव हिस्सा उष्णता कामी आली तर तेच काम ९२ किलोंत होते. बचत ती ही. जळण बदलून जे साधत नाही ते चूल बदलून साधते, आणि धूरही घराबाहेर जातो. न्हाणीचा बंब तर अंगणातच असावा. त्यास बारीक तोडलेली पऱ्हाटी उत्तम. ज्यांस एकदाचा खर्च झेपेल त्यांनी छपरावर सूर्याचा बंब बसवावा, विदर्भाच्या हिवाळ्यात ऊन भरपूर असते.

पऱ्हाटीविषयी एक सावधगिरी हवी. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस कसा खाल्ला हे कोणी विसरला नसेल. झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत ही अळी झोपी जाते व पावसाळ्याच्या तोंडावर पतंग होऊन बाहेर पडते. म्हणून फरदड न ठेवता जानेवारीअखेर पऱ्हाटी उपटावी, उरलेली बोंडे झोडून नष्ट करावी, काड्या तुकडे करून घराजवळ कोरड्या जागी रचाव्या, आणि उन्हाळा संपण्यापूर्वी त्या वापरून टाकाव्या. मृगापर्यंत शेताच्या धुऱ्यावर ढीग ठेवणे म्हणजे जळण साठविणे नव्हे, कीड साठविणे होय.

गोवऱ्यांचा विषय यात येतोच. इंग्लंडातील शेती-रसायनज्ञ डॉ. व्होल्कर यांनी १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात, हिंदी शेतकरी शेण जाळतो तो खताचे महत्त्व कळत नाही म्हणून नव्हे, तर दुसरे जळण मिळत नाही म्हणून, असा निर्वाळा दिला होता. तो अजूनही पुष्कळ अंशी खरा आहे. वाळलेल्या शेणात सुमारे सव्वा ते दीड टक्का नत्र असते. एक टन गोवऱ्या जाळल्या की युरियाच्या अर्ध्याहून अधिक गोणीइतके नत्र धुरावाटे गेले, शिवाय जमिनीस मिळावयाचा सेंद्रिय अंश गेला तो वेगळाच. चार-पाच जनावरे असतील तर दोन घनमीटरचा गोबर गॅसचा संच अधिक बरा: रोज ५० किलो शेण लागते, गॅस मिळतो आणि मळीवाटे खतही शेतात जाते. थंडीत वायू कमी सुटतो, ही त्याची खोड मात्र गृहीत धरून चालावे.

सुधारलेल्या चुली सरकारने पूर्वी वाटल्या होत्या, त्यांचे काय झाले, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. १९८३ साली सुरू झालेली ती राष्ट्रीय योजना २००२ साली केंद्राने आवरती घेतली. आमच्या मते चूल वाईट नव्हती. ती बसवून गेलेला मनुष्य पुन्हा कधी आला नाही, ही खोट होती. धुराडे वर्षभरात काजळीने तुंबते, जाळी जळून झिजते, आणि मग घरची बाई ते सर्व काढून पुन्हा तीन दगड मांडते. तिचा यात काय दोष? नांगराचा फाळ पाजविण्यास गावात लोहार लागतो, तसा चुलीसही दुरुस्तीचा मनुष्य गावातच लागतो.

राहिला प्रश्न ज्याच्याकडे शेतच नाही त्याचा. मजुराच्या घरी ना पऱ्हाटी ना शेण. खाणीच्या रस्त्यावर मालमोटारींतून सांडलेला कोळसा त्याची बायको वेचून आणते, आणि त्यास हिशेबाच्या गोष्टी सांगणे क्रूरपणाचे होईल. उपटणीच्या मजुरीबरोबर पऱ्हाटीची मोळी नेऊ देण्याची रीत पुष्कळ गावांत आहे. यंत्राने शेतातच भुगा करण्याची पद्धत जसजशी वाढेल तसतशी ही रीत मोडेल. भुगा जमिनीस हितकारक आहे यात शंका नाही, आम्हीही त्याची शिफारस करीत आलो आहो. तथापि प्रत्येक शेतकऱ्याने दोन-चार तासांची पऱ्हाटी मजुरांसाठी उभी राखावी, असे आम्हांस वाटते.

संस्थेच्या सभासदांपुढे आमची सूचना एवढीच आहे की, दिवाळीनंतरच्या पहिल्या सभेत प्रत्येक गावातून एक गवंडी व एक स्त्री अशा दोघांस चूल बांधण्याचे व धुराडे झाडण्याचे काम शिकविण्याचा ठराव यावा, त्यांच्या फेरीची मजुरी संस्थेने सोसावी, आणि ज्या घरी बाळंतपण व्हावयाचे असेल तेथे ही फेरी सर्वांत आधी जावी.