सभ्य माणसाचा मागचा दरवाजा

स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात 18व्या शतकात विल्यम ब्रॉडी नावाची एक बडी असामी राहत होती. लाकडी सामानाचा निष्णात कारागीर, सुतारांच्या संघाचा प्रमुख आणि नगर परिषदेचा सभासद! शहरातील धनिकांच्या घरी दारे-कपाटे बसवण्याचे आणि कुलपे दुरुस्त करण्याचे काम त्याच्याकडे असे. दिवसा ज्या घरात त्याला मानाने बोलावले जाई, त्याच घरात रात्री तो बनावट किल्लीने शिरत असे. जुगाराचा नाद आणि दोन रखेल्यांचे संसार, एवढा खर्च कारागिरीच्या कमाईत भागणार तरी कसा? अखेर 1788मध्ये अबकारी कार्यालयावर घातलेला दरोडा त्याच्या अंगाशी आला. साथीदाराने तोंड उघडले. ब्रॉडी हॉलंडला पळाला, पण पकडला गेला आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला त्याला भर गर्दीसमोर फाशी देण्यात आले.

ब्रॉडीने बनवलेले एक कपाट पुढे त्याच शहरातील स्टीव्हन्सन कुटुंबाच्या घरात आले. 1850मध्ये जन्मलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या खोलीत लहानपणी हेच कपाट होते. आजारपणात तासन् तास अंथरुणावर पडून राहणाऱ्या या मुलाच्या मनात दिवसा सज्जन आणि रात्री चोर असलेला तो कारागीर घर करून बसला. मोठेपणी त्याने मित्राबरोबर ब्रॉडीवर नाटक लिहिले, पण ते फारसे चालले नाही.

1885मध्ये इंग्लंडमधील बोर्नमथ येथे आजारी असताना स्टीव्हन्सनला एक भयंकर स्वप्न पडले. तो ओरडू लागला, तेव्हा पत्नी फॅनीने त्याला जागे केले. त्या स्वप्नावरून त्याने भराभर कथा लिहून काढली. फॅनीला ती पटली नाही. तिने दोष दाखवताच त्याने कागद जाळून टाकले आणि कथा पुन्हा नव्याने लिहिली. जानेवारी 1886मध्ये एक शिलिंग किमतीचे ते छोटेसे पुस्तक बाजारात आले. ही होती डॉ. जेकिल आणि मि. हाइड यांची कथा.

चित्रपटातला आणि पुस्तकातला

आज ही कथा न वाचलेल्यांनाही ती ठाऊक असते. 1887मध्ये तिच्यावर नाटक आले, नंतर अनेक चित्रपट आले. 1931च्या हॉलिवूडपटातील दुहेरी भूमिकेसाठी फ्रेडरिक मार्चला ऑस्कर मिळाले. आपल्याकडे 1981च्या ‘चेहरे पे चेहरा’ या हिंदी चित्रपटात संजीव कुमारने ही भूमिका केली. या साऱ्यांतून लोकांच्या मनात एक समजूत पक्की झाली आहे: जेकिल म्हणजे देवमाणूस, हाइड म्हणजे राक्षस आणि एका औषधाच्या घोटाने देवमाणसाचा राक्षस झाला!

पुस्तक मात्र वेगळेच सांगते. पन्नाशीचा, सुखवस्तू डॉ. जेकिल देवमाणूस नाही. तरुणपणापासून त्याला काही छंद आहेत. ते इतके मामुली आहेत की दुसऱ्या एखाद्याने ते चारचौघांत फुशारकीने सांगितले असते. पण जेकिलला समाजात मान ताठ ठेवून वावरायचे आहे. म्हणून तो ते लपवतो आणि लपवता लपवता दुहेरी आयुष्य जगू लागतो. हे सारे औषधाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीचे! औषध तो घेतो ते सुधारण्यासाठी नव्हे. मौज दुसऱ्या चेहऱ्याने करावी आणि अब्रू आपल्या चेहऱ्याची शाबूत राहावी, एवढीच त्याची इच्छा असते.

आणि हाइड? चित्रपटात तो धिप्पाड, केसाळ दिसतो. पुस्तकातला हाइड जेकिलपेक्षा लहानखुरा आणि वयाने तरुण आहे. जेकिलचे कपडे त्याच्या अंगावर लोंबतात. कारण सरळ आहे. जेकिलच्या स्वभावातील ही बाजू इतकी वर्षे दडपलेली, म्हणून ती पुरती वाढलेलीच नाही. मोकळीक मिळताच मात्र ती वाढू लागते. एके दिवशी जेकिल सकाळी जागा होतो, तर पांघरुणावर त्याला आपला हात दिसत नाही, हाइडचा दिसतो. औषध न घेताच बदल घडलेला असतो.

तो की मी?

प्र. के. अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या 1962च्या नाटकातील लखोबा लोखंडेही अनेक रूपांत वावरतो आणि भर कोर्टात ते सारे नाकारतो. पण लखोबा फसवतो ते इतरांना. आपण कोण आहोत, हे त्याला स्वतःला पक्के ठाऊक असते. जेकिलचे तसे नाही. मरणापूर्वी लिहिलेल्या कबुलीजबाबात तो हाइडबद्दल लिहिताना कधी ‘मी’ म्हणतो, तर कधी ‘तो’.  जेकिल स्वतःच्याच मनाच्या कोर्टात ‘तो मी नव्हेच’ म्हणत राहतो.

सर्वांना दिसते, कोणी विचारत नाही

पण एकट्या माणसाला असे आयुष्य इतके दिवस लपवता येते का? या कथेत तरी आजूबाजूचे लोक त्याला मोठाच हातभार लावतात.

जेकिलच्या घराला दोन दरवाजे आहेत. पुढचा प्रतिष्ठित चौकात उघडतो, तर मागचा, प्रयोगशाळेचा, एका गल्लीत. हाइड या मागच्या दाराने ये-जा करतो. तो एका लहान मुलीला तुडवून जातो, तेव्हा भरपाईच्या शंभर पौंडांपैकी बहुतेक रक्कम चेकने देतो आणि त्यावर सही असते एका नामांकित माणसाची. हे पाहणारा एन्फिल्ड सारे ओळखतो, पण खोलात शिरत नाही. प्रकरण जितके विचित्र, तितके कमी प्रश्न विचारायचे, हा त्याचा बाणा! जेकिलचा वकील मित्र अटरसन एकदा विषय काढतो. मनात येईल तेव्हा हाइडला दूर करू शकतो, असे जेकिल सांगतो आणि अटरसन गप्प बसतो. व्यसनी माणसाच्या घरी हे वाक्य कितीदा ऐकू येते! ‘मनात आणले तर उद्या सोडीन.’ आणि घरचेही तेवढ्यावर समाधान मानतात.

पुढे खून होतो. हाइडच्या नावाचे पत्र जेकिलच्याच हातचे असावे, असे अटरसनचा कारकून अक्षरावरून दाखवून देतो. अटरसन त्याला हे कोठे बोलू नकोस म्हणतो आणि पत्र तिजोरीत बंद करतो. तिसरा मित्र डॉ. लॅनियन सत्य डोळ्यांनी पाहतो, हाय खातो आणि मरताना ते लखोट्यात बंद करून ठेवतो. यांपैकी एकही माणूस दुष्ट नाही. प्रत्येकाला मित्राची अब्रू वाचवायची आहे. पण त्यांनी राखलेल्या याच अब्रूच्या आडोशाला हाइड वाढत जातो.

शेवटी ही चुप्पी मोडतो तो जेकिलचा नोकर पूल. बंद खोलीतून येणारा आवाज मालकाचा नाही, हे नोकर मंडळी ओळखतात. पूल रात्रीच अटरसनकडे जातो, त्याला बोलावून आणतो आणि कुऱ्हाडीने दार फोडतो. आत जेकिलच्या ढगळ कपड्यांत हाइड मरून पडलेला असतो. फार उशीर झालेला असतो.

ही कथा वाचून प्रत्येक सभ्य माणसाकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. थोडेफार खासगी जग प्रत्येकालाच हवे असते. पण घरातला कोणी रोज नवी सबब सांगू लागला, पैशांचा हिशेब जुळेनासा झाला किंवा त्याचा आवाजच परका वाटू लागला, तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसण्यापेक्षा त्याला जवळ बसवून सरळ विचारलेले बरे. पहिल्यांदा तो टाळेल, कदाचित चिडेलही. अटरसनने विचारले आणि जेकिलच्या उत्तरावर विषय सोडून दिला. घरच्यांनी पुन्हा एकदा विचारावे.