लहान नदी आणि मोठे अज्ञान

‘संस्कृती’ हा शब्द उच्चारताच आमच्या सुशिक्षित वर्गास चीनची ह्वांग-हो आठवते, डहाणूची सूर्या आठवत नाही. परवा एका विद्वान स्नेह्यांनी तर निकालच दिला, की कोकणातील नद्या म्हणजे पावसाळी ओहोळ. त्यांच्या काठी संस्कृती कोठून असणार! ह्वांग-होच्या पिवळ्या गाळाचे आणि तीवर पोसलेल्या राज्यांचे माहात्म्य आम्हांसही मान्य आहे. परंतु हान व तांग वंशांची जी राजधानी आपण गौरवाने सांगतो, ती चांगआन ह्वांग-होच्या नव्हे, तिला मिळणाऱ्या वेई नदीच्या खोऱ्यात वसली होती. सूर्याही वैतरणेची उपनदीच. आकाराने वेईशी तिची बरोबरी नाही, हे खरे. पण उपनदी म्हणून तिला पंक्तीबाहेर बसविण्याचे कारण काय?

कोरीव पुराव्यावाचून ज्यांचे समाधान होत नाही, त्यांनी नाशिकच्या पांडवलेण्यांपैकी दहावे लेणे पाहावे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट नावांची सोय केली व त्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया उभारल्या, असे सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा तो लेख सांगतो. ही दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, असे संशोधक मानतात. तापीच्या ओळीत बसलेल्या नदीस ओहोळ म्हणणे हे धाडसच! तलासरीतून संजाणकडे जाणाऱ्या वरोलीची कथा तर पारशी समाजास विचारावी.

आणि लेखणीवाचूनचे लेखन? वारल्यांच्या लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी येते, आणि धवलेरीच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांस २०११ साली पद्मश्री मिळाली, तेव्हापासून ही चित्रे दिवाणखान्यांत अधिकच शोभू लागली. ज्या भातखाचरांतून ते पीठ येते, त्यांच्या नदीची मोजणी मात्र आम्ही लिटरांत करतो. धामणीचे धरण झाले ते शेतीच्या नावाने. पुढे त्याच सूर्येतून वसई-विरार व मीरा-भाईंदरसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटरांची योजना आखली गेली.

शहरांनी तहानेने मरावे, असे मी म्हणत नाही. मीही नळाचेच पाणी पितो. परंतु उषवदाताने पाणपोया दोन्ही तीरांवर बांधल्या होत्या. योजनेच्या कर्त्यांनी शहरांचा आकडा छापला, तसा कासा-चारोटीच्या पाड्यांच्या वाट्याचाही छापावा, आणि तो मे महिन्यात तेथे जाऊन वाचून दाखवावा.