दारापुढच्या पाच सऱ्या

कांदा लागवडीबद्दल आलेल्या प्रश्नांची उत्तरं रविवारी देतो. आज उसावर लिहितोय. पण काट्यावर जाणाऱ्या उसावर नाही, घराच्या दाराला येऊन भिडलेल्या उसावर, आणि त्या दारात खेळणाऱ्या बारक्या पोरांवर.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, घाईवाल्यांना पुढं वाचायला नको. ज्या घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू आहे, त्या घराभोवती वीस फुटांत ऊस नसावा. ती जागा पडीक ठेवायची नाही, घरच्या ताटासाठी लावायची. यात नुकसान आहे असं वाटत असेल तर खाली हिशोब दिलाय, तो बघा आणि मग भांडा.

आमच्याकडं वीस महिन्यांची पोरगी आहे. तिच्या अंगावर नवं कापड फार थोडं. चुलत बहिणीची झबली, मामाच्या पोराचे स्वेटर, झोपायला आईच्या जुन्या नऊवारीची झोळी, आणि त्याच लुगड्याच्या मऊ तुकड्यांचे लंगोट. डायपर लागतो तो गावाला जायचं तेव्हाच, कारण एक नग दहा-बारा रुपयांना पडतो आणि नंतर टाकायचा कुठं हा प्रश्न उरतोच. चालायला शिकली ती लाकडी पांगुळगाड्यावर. तो आधी पुतण्यानं वापरलाय, त्याच्या आधी आणखी कुणी. पाहुणे म्हणाले, बसायचा प्लॅस्टिकचा वॉकर घेऊन देतो. आमच्या घरच्यांनी हात जोडले. बरंच झालं म्हणायचं, कारण तसल्या वॉकरवर कॅनडानं २००४ सालीच बंदी घातलीय. पोरं त्यात बसून जिन्यावरून गडगडायची. पांगुळगाड्याला पोर स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं. स्वस्तातलं तेच चांगलं, असं फार वेळा होत नाही, इथं झालंय.

ही सगळी काटकसर घरातल्या बायकांची. कुठल्या वहीत तिची नोंद नाही. आपली गड्यांची काटकसर वेगळी असते. आपण बांध कोरतो, पाणंद खातो, आणि गुंठाभर जागा दारात मोकळी दिसली की तिथंही सरी पाडतो. "एवढी जागा वाया कशाला घालवायची?" हे वाक्य मी आमच्या वस्तीवर लहानपणापासून ऐकतोय. पूर्वी ते चालून गेलं. दारात ज्वारी-बाजरी असायची, चार महिन्यांत रान मोकळं व्हायचं. डिंभ्याचं पाणी आलं आणि रानाचा तोंडवळाच बदलला. त्या जलाशयाला आपल्या गावच्या बाबू गेनूंचं नाव आहे, हुतात्मा बाबू गेनू सागर. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत विलायती कापडाचा ट्रक अडवताना त्यांनी जीव दिला. त्या पाण्यानं घराघरात पैसा आला, हे नाकारून चालणार नाही. मीसुद्धा त्याच पाण्यावर आहे. पण ऊस वर्षभर उभा राहतो, आणि वर्षभर उभं असलेलं दाट, गार, पाण्याजवळचं रान बिबट्याला दुसरं काय पाहिजे? त्याची कितीतरी पिढ्या बछडी उसातच जन्मलीत. तोडीत पिल्लं सापडतात, वनखात्याची माणसं क्रेटमध्ये ठेवून रात्री आईची वाट बघतात. हे आता आपल्याकडं बातमीसुद्धा राहिलेलं नाही.

बातमी होते ती वेगळी. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूतच्या पट्ट्यात, तीन आठवड्यांत तीन माणसं गेली. त्यातली दोन लेकरं होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवून धरला. पिंजरे आले, नेमबाज आले, मंत्री बोलले. ते सगळं पाहिजेच होतं. पण गर्दी पांगल्यावर ऊस होता तिथंच राहिला. खिडकीतून हात काढला तर पाल्याला लागेल, एवढ्या जवळ.

बिबट्याला उभा माणूस सहसा शिकार वाटत नाही. वाकून खुरपणारी बाई, परसाकडं बसलेला माणूस आणि लहान पोर यांची उंची त्याच्या डोळ्याला कुत्र्या-शेळीएवढी दिसते. आमची पोरगी अडीच फुटांची आहे. तिच्या उंचीवर बसून एकदा उसाकडं बघा. आपल्याला पीक दिसतं. तिथून फक्त अंधार दिसतो.

मग घरात काय होतं? दिवस कलला की पोर आत आणि दार बंद. त्याआधीचा तासभर आजी काठी घेऊन उसाच्या कडेला बसते. सकाळी तेच. आई धुणं घेऊन हौदावर गेली की कुणीतरी राखणीला पाहिजेच. वस्तीवरच्या प्रत्येक घरात रोज तीन-चार तास एक बाई नुसती उसाकडं तोंड करून बसलेली असते. खुरपणीला बाई सांगितली तर तासाचा हिशोब करून पैसे देतो आपण. ही राखण मात्र फुकट. आणि पोर घरात कोंडलं की रडतं, रडलं की मोबाईल, मोबाईलनंही गप बसलं नाही की पाच रुपयांचा पुडा.

आता त्या पुड्याचा हिशोब. दिवसाला दोन पुडे, दहा रुपये. वर्षाचे ३६५०. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये होती. म्हणजे एक पोर वर्षाला एक टन ऊस पुड्यांतून खाऊन टाकतं, आणि तरी त्याच्या अंगाला काही लागत नाही. पोट भरल्यासारखं वाटतं आणि जेवायच्या वेळेला तोंड फिरवतं, हे प्रत्येक आईला माहीत आहे.

वीस फुटांचा हिशोबही असाच मांडू. घराची उसाकडची बाजू शंभर फूट धरली तर पट्टा दोन हजार चौरस फुटांचा, दोन गुंठ्यांच्या थोडा आत. एकरी ४५ टन धरले तर दोन टन ऊस. तोडणी-वाहतूक कापून हातात येणार पाच-साडेपाच हजार, आणि त्यातून अजून खत, पाणी, बेणं वजा करायचंय. त्यातही घराच्या सावलीतला ऊस कसा येतो ते सांगायला नको. दुसऱ्या बाजूला, आमच्या घरात आठवड्याला अडीचशेची भाजी विकत येत होती. वर्षाचे तेरा हजार. निम्मी दारात पिकली तरी साडेसहा हजार वाचले. पुडे निम्मे झाले तर आणखी अठराशे. आजीचे तास मी धरलेलेच नाहीत.

शेतकऱ्याच्या घरात भाजी विकत येते याची लाज वाटायचे दिवस गेले, ठीक आहे. पण टोमॅटो नारायणगावला, कांदा बराखीत, बटाटा मंचरला आणि पोराच्या वरणभाताला पालक बाजारातून, हे गणित कुठंतरी चुकतंय.

पट्ट्यात काय लावायचं? गुडघ्याच्या वर जाणार नाही तेच. मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, लसूण, गाजर, मुळा, कडेला भुईमुगाच्या दोन ओळी. मेथी महिन्यात काढायला येते. पालकाला चार-आठ दिवस जास्त. म्हणून एकदम सगळं पेरू नका. चार बाय सहाचे वाफे करा आणि आठ-दहा दिवसांनी एकेक पेरत जा, म्हणजे भाजी तुटत नाही आणि उतूही जात नाही. मका, तूर, घेवड्याचा मांडव असलं उंच काही इथं नको, नाहीतर ऊस काढून दुसरा आडोसा केल्यासारखं होईल. शेवगा एखादा चालतो, पण खालून छाटून खोड मोकळं ठेवा. सांडपाण्यावर अळू लावायची आपली रीत आहे. ते आटोपशीर ठेवा. आणि या पट्ट्यात फवारा नाही. पोर हातानं पान तोडून तोंडात घालणार, ते आपण थोडंच थांबवणार आहोत. कीड लागली तर वाफा उपटून गाईला टाका.

भुईमुगाबद्दल एक सांगायचं राहिलं. आख्खा शेंगदाणा एवढ्या लहान पोराच्या हातात देऊ नका, श्वासनळीत अडकतो. कूट करून द्या, भातात, नाचणीच्या पेजेत, कशातही. फुटाण्याचंही तेच.

कोंबड्या पाळायच्या असतील तर जरूर पाळा. घरच्या अंड्यासारखा स्वस्त आणि पोराला मानवणारा खाऊ नाही. पण खुराडं चारी बाजूंनी आणि वरून पक्क्या जाळीचं पाहिजे. रात्री उघड्यावर कोंबडी, शेळी, कुत्रं म्हणजे बिबट्याला आवतण. दिव्यावरही बचत करू नका. उसाच्या बाजूला एक एलईडी रात्रभर जळाला तर बिल फार वाढत नाही. वीस फूट सोडले म्हणजे वाघरू येणारच नाही असं मी म्हणत नाही. आलं तर ते ओट्यावरच्या माणसाला दिसेल आणि त्यालाही लपायला जागा नसेल, एवढंच म्हणतोय. वनखातंही घराभोवतीची झाडी-गवत काढा म्हणून सांगतं. आपण गवत काढतो आणि उसाला गवत समजत नाही.

खरी अडचण भावकीची आहे. घर आपलं, पण मागच्या भिंतीला लागून ऊस चुलत्याचा. तो म्हणतो, तुझ्या पोरापायी मी माझं रान का सोडू? त्याचंही चूक नाही. अशा वेळी तेवढ्या पट्ट्याचा खंड त्याला रोख द्यावा, असं माझं मत. वर आकडा काढलाच आहे, पाच-साडेपाच हजार. पोराच्या पहिल्या वाढदिवसाला मांडव, केक आणि बॅनरला आपण याच्या दुप्पट घालवतो, आणि बॅनरवर पोराला काहीच दिसत नाही.

कारखान्याच्या शेतकी विभागातली आणि कृषी खात्यातली काही मंडळी हे पान वाचतात, त्यांनाही एक सांगणं आहे. ऊस नोंदीला येता तेव्हा लागणीची तारीख, जात, क्षेत्र लिहून घेता. त्यातच एक रकाना घाला, घरापासून किती फूट. नोंद नाकारू नका, फक्त विचारा. विचारलं तरी शेतकरी एकदा मागं वळून घराकडं बघेल. आणि तोडीचा कार्यक्रम लावताना वस्तीला चिकटलेले प्लॉट दिवसाउजेडी आणि लवकर तोडायचं बघा.

त्याच तोडीला येणाऱ्या माणसांचा विषय इथंच काढतो. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या कोयत्यांबरोबर वर्ष-दोन वर्षांची पोरं असतात. आई पहाटे फडात, पोर बांधावर झोळीत, जिथून बिबट्या उठवला जातोय त्याच फडाच्या कडेला. आपल्या पोरासाठी पट्टा सोडायचा आणि त्यांचं पोर सरीत झोपवायचं, हे बरोबर नाही. तोड आपल्या रानात असेल त्या दिवसांत आपला ओटा, एक दिवा आणि राखणीची एक बाई एवढं देता येतं. आमच्या वस्तीवरच्या दोन घरांनी दिलं, काही बिघडलं नाही.

आता औषधाच्या डब्यांचं. विषय वेगळा वाटेल, पण काटकसर तीच. कीटकनाशकाला आपण 'औषध' म्हणतो. पोराला खोकला आला की गोड पातळ देतो, त्यालाही 'औषध'च म्हणतो. दोन वर्षांच्या पोरानं यातला फरक कसा ओळखायचा? त्यात रिकामा डबा चांगला जाड असतो म्हणून धुऊन रॉकेल, डिझेल, कुठं कुठं तर गोडंतेलसुद्धा भरून ठेवतात. डब्यावरच्या त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग ठरतो तो शरीराच्या किलोमागे किती विष लागतं त्यावर. साठ किलोच्या माणसाला जेवढं बाधतं त्याच्या सहाव्या हिश्श्यात दहा किलोचं पोर जातं. डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, डब्याला भोकं पाडा, चेपा. भोक पडलेल्या डब्यात कुणी तेल भरत नाही. आणि घरात त्याला औषध म्हणू नका, विष म्हणा. आमच्याकडं पोरगी आता फवारणीचा पंप दिसला की "वीस, वीस" करत लांब पळते.

शेततळ्याचं एवढंच, कागद घसरडा असतो, त्यातून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. जाळीचं कुंपण आणि कडेनं गाठी मारलेला दोर हे तळ्याच्या खर्चातच धरा, नंतर करू म्हणू नका.

ज्यांची तोड या महिन्यात आहे त्यांना हीच वेळ साधता येईल. ऊस तुटल्यावर खोडवा धरायच्या आधी टेप घेऊन भिंतीपासून वीस फूट मोजा. साडेचार फुटांची सरी असेल तर साधारण पाच सऱ्या येतात. तेवढ्याच सऱ्यांची खोडं उपटून काढा, बाकीच्यात पाचट आच्छादन करून खोडवा नेहमीसारखा धरा. पट्ट्यातलं पाचट मात्र तिथं ठेवू नका, त्यात साप-विंचू राहतात. ते आतल्या सऱ्यांत ओढा, पट्टा एकदा कुळवून घ्या आणि पहिला वाफा मेथीचा टाका.