साधी घ्यावी की स्पोर्टी?

मंडळी, मागच्या वेळी टायरमधल्या हवेवर लिहिलं होतं. त्यावर जे निरोप आले त्यातले निम्मे हवेबद्दल नव्हतेच. गाडी ठरली आहे, रंगही ठरला आहे, पण साधी घ्यावी की तिचीच स्पोर्टी आवृत्ती, यावर घरात दोन तट पडले आहेत, असा एकूण सूर. बहुतेक घरांत मुलगा एका बाजूला आणि उरलेलं घर दुसऱ्या बाजूला. म्हणून आज हाच विषय, आणि जरा वरच्या टोकापासून.

वरचं टोक म्हणजे ग्रँड टूरर. गाडीच्या पाठीवर ‘जीटी’ ही दोन अक्षरं आपण रोज बघतो, पण त्यांचा मूळ अर्थ शर्यतीचा नाही, प्रवासाचा आहे. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांतली तरुण मुलं शिक्षण पुरं करायला म्हणून फ्रान्स, इटली असा लांबचा फेरफटका मारत. तो ‘ग्रँड टूर’. इटालियन लोकांनी त्याचं ‘ग्रान तुरिझ्मो’ केलं आणि पुढे ते गाड्यांना चिकटलं. १९५१ ची लान्चिया ऑरेलिया बी२० जीटी आणि १९५२ ची बेंटली आर-टाइप कॉन्टिनेंटल ही त्या घराण्यातली जुनी नावं. कल्पना अशी, की माणसं आणि त्यांचं सामान घेऊन गाडीने दिवसभर वेगात पळावं आणि संध्याकाळी उतरताना कुणाची कंबर धरलेली नसावी. म्हणजे जीटी ही मुळातच वेग आणि आराम यांची तडजोड. त्या तडजोडीची आणखी ‘स्पोर्टी’ आवृत्ती काढायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

माझा इंजिनिअरिंगचा एक मित्र सध्या या प्रश्नात पुरता अडकला आहे. घर पेडणे तालुक्यात, मोपाच्या अलीकडे. नोकरी, आणि आता धंदाही, आखातात. पूर्वी दाबोळीला उतरून दीड-दोन तास घर गाठण्यात जायचे, जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमानं सुरू झाल्यापासून तो चहा निवायच्या आत घरी पोचतो. दोन वर्षांत कायमचा परत यायचं ठरलंय आणि त्या आनंदात त्याने मासेराती ग्रानतुरिझ्मो घ्यायचं मनावर घेतलंय. हसू नका, त्याने पंधरा वर्षं तिकडच्या उन्हात काढली आहेत. पैसा त्याचा, हौस त्याची. मला त्याने एवढंच विचारलंय, ‘मोदेना घेऊ की त्रोफेओ?’

आकडे असे. दोन्हींत ‘नेत्तुनो’ नावाचं तेच तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं इंजिन. मोदेनामध्ये ते ४९० अश्वशक्ती देतं, त्रोफेओमध्ये ५५०. शून्यावरून शंभरला जायला मोदेनाला ३.९ सेकंद, त्रोफेओला ३.५. कमाल वेग एकीचा ३०२, दुसरीचा ३२०. भारतात ही गाडी २०२४ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम किमती २ कोटी ७२ लाख आणि २ कोटी ९० लाख होत्या.

सॉफ्टवेअरवाल्या माणसाला यात लगेच ओळखीचं काहीतरी दिसतं. टर्बो इंजिनाची ताकद बरीचशी त्याच्या कंट्रोल युनिटमधल्या नकाशावर ठरते: किती हवा दाबायची, किती इंधन सोडायचं, ठिणगी कधी पाडायची. आमच्याकडे एकाच प्रॉडक्टच्या दोन एडिशन असतात, महागडीत काही कुलपं उघडलेली असतात, तसंच काहीसं. स्पोर्टी गाडीत नुसतं तेवढंच असतं असं मात्र नाही. कार्बन फायबरचे भाग येतात, ड्रायव्हिंग मोडमध्ये ‘कोर्सा’ म्हणजे शर्यतीचा मोड वाढतो. तो मोदेनात नाही.

आता ही ६० जादा अश्वशक्ती आपल्याकडे कुठे खर्च करायची ते बघू. सपाट रस्त्यावर ताशी ८० ने जाताना अशा गाडीला हवेचा आणि टायरचा विरोध मोडायला साधारण १५ ते २० अश्वशक्ती पुरते. चार माणसं आणि सामान घेऊन ५० च्या वेगाने घाट चढायचा तरी ५० च्या आत काम होतं. आपल्याकडे चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर मोटारींना कायद्याने जास्तीत जास्त १०० आणि एक्स्प्रेसवेवर १२० ची मर्यादा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर सपाटीलाही १००, आणि घाटात ६०. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तिथेही १२० च्या वर गेलात की दंडाची पावती. म्हणजे ३०२ आणि ३२० मधला फरक हा फक्त जेवणाच्या टेबलावर सांगायचा फरक आहे. राहिला ०.४ सेकंदाचा. तेवढ्यात डोळ्याची एक उघडझाप होते.

मित्र म्हणतो, मोपाचा नवा जोडरस्ता आहे ना. आहे. धारगळकडून विमानतळावर जाणारा, २०२४ मध्ये खुला झालेला सहापदरी रस्ता, सुरेख आहे. पण तो साधारण सात किलोमीटरचा आहे, आणि त्यावर बॅगा घेऊन घाईत निघालेल्या टॅक्सी असतात. तिथे गाडी पळवून दाखवायची इच्छा होणं समजू शकतो, समर्थन नाही करणार.

त्याचा खरा रस्ता वेगळा आहे. आईचं माहेर बेळगावला. मावशी, मामा सगळे तिकडेच. महिन्याकाठी एक फेरी ठरलेली. ती एकतर बांदा, सावंतवाडी, आंबोली घाट अशी, नाहीतर डिचोली, साखळी, केरी आणि चोर्ला घाट अशी. आंबोलीचा पाऊस आणि धुकं मी सांगायला नको. डिचोली-साखळी पट्ट्यात खनिजाचे ट्रक. चोर्ल्याचा रस्ता एका पावसाळ्यात चांगला, दुसऱ्यात चाळण. गावागावांत स्पीडब्रेकर, त्यातले काही अंगणातल्या तुळशी वृंदावनाशी स्पर्धा करणारे. या गाडीला पुढे २० आणि मागे २१ इंची चाकं आहेत, टायरची भिंत आठ-नऊ सेंटिमीटरची. खड्ड्याचा पहिला मार ही भिंत खाते. ती जितकी कमी तितका मार रिमला, आणि रिम वाकली की गावातल्या पंक्चरवाल्याकडे इलाज नसतो. अशा गाड्या ट्रकवर चढवून मोठ्या शहरात न्याव्या लागतात.

आणि आई. काकी सत्तरी ओलांडलेल्या आहेत, गुडघे कुरकुरतात. ही दोन दारांची गाडी. मागे बसायचं तर पुढचं सीट सरकवून, वाकून, अंग चोरून आत शिरायचं, तेही साडीत. मी त्याला म्हटलं, ‘अरे, काकींना पुढे बसव आणि वहिनीला मागे.’ तर तो म्हणाला, ‘ते तू येऊन सांग तिला.’

एक गोष्ट मात्र त्रोफेओच्या बाजूने सांगायलाच हवी. पूर्वी स्पोर्टी आवृत्ती म्हणजे कडक स्प्रिंग आणि हाडं खिळखिळी, असा हिशोब सरळ होता. या गाडीत तसं नाही. दोन्हींना हवेचं सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक डँपर आहेत, दोन्हींत ‘कम्फर्ट’ मोड आहे. त्यामुळे त्रोफेओ घेतल्याने काकींच्या कमरेचं फार काही बिघडणार नाही. म्हणजे या दोघींतला फरक बराचसा पैशांचा आणि मनाचा उरतो. मन असेल तर मी कोण आडवा येणार? पण पैशांचं गणित मांडून दाखवणं माझं काम.

किमतीतला फरक १८ लाख. रोड टॅक्स किमतीच्या टक्क्यांत लागतो, विमाही गाडीच्या किमतीवर ठरतो, म्हणून हातातून जाणारे १८ पेक्षा बरेच जास्त. तेवढ्या पैशांत आपल्या चाकणच्या कारखान्यात बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी जवळजवळ अख्खी येते. माझा सल्ला त्यामुळे असा: मोदेना घे, आणि उरलेल्यात पावसाळ्यासाठी, काकींसाठी आणि बेळगावसाठी ती चार दारांची व्हर्टस घे. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग वहिनीचा निरोप आला, व्हर्टस कुठल्या रंगात मिळते म्हणून.

व्हर्टसचं नाव निघालंच आहे तर आपल्यासारख्यांच्या खिशातला प्रश्नही तिच्यावरच मांडू, कारण साधी की स्पोर्टी हा गोंधळ तिथे जास्त आहे. तिची दोन इंजिनं आहेत. एक लिटरचं, ११५ अश्वशक्तीचं, आणि दीड लिटरचं, १५० अश्वशक्तीचं. टॉर्क १७८ विरुद्ध २५० न्यूटन-मीटर. हा फरक खरा आहे, इंजिनच वेगळं आहे. एसी लावून, पाच माणसं आणि फणस घेऊन आंबोली चढताना, पुढच्या एसटीला ओव्हरटेक करायचं असेल तेव्हा तो पायाखाली जाणवतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या लेनमध्ये आपण कमी वेळ राहतो, आणि ही सुरक्षेची गोष्ट आहे, शायनिंगची नाही. पण २०२४ मध्ये ‘जीटी लाइन’ नावाची एक आवृत्ती आली. तिच्यात काळी ग्रिल, काळी चाकं, सगळा थाट, आणि बॉनेटखाली तेच एक लिटरचं इंजिन. दिसायला आवडली तर जरूर घ्या, सुंदर दिसते. फक्त जीटी अक्षरं बघून ताकद विकत घेतली असं समजू नका. शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच विचारायचा: इंजिन तेच आहे की वेगळं? तेच असेल तर जादा पैसे नेमके कशाचे, हे कागदावर लिहून मागा.

आणि टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, मित्रालाही नेऊ नका. आई-बाबांना न्या, त्यांना मागे बसवा. सेल्समन तुम्हाला हायवेवर नेईल, तुम्ही गाडी तुमच्या रोजच्या खराब रस्त्याला घाला. साध्या आवृत्तीची आणि स्पोर्टीची चक्कर त्याच रस्त्यावर, त्याच माणसांसह, एकाच दिवशी मारा. परत आल्यावर तुम्ही काही बोलू नका, आधी मागच्या सीटला बोलू द्या.