सिगारेटच्या पुडीतील चित्रशाळा

१८८० च्या सुमारास अमेरिकेत सिगारेटचे पाकीट म्हणजे कागदाची मऊ पुडी असे. खिशात दबली की आतल्या सिगारेटी मोडत. म्हणून पुडीत पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवत. पावणेतीन इंच लांब, दीड इंच रुंद. हा तुकडा कोरा कशाला ठेवायचा, असे व्यापाऱ्यांना वाटले आणि जाहिरातीचा एक नवाच प्रकार जन्माला आला.

त्याला निकडही होती. १८८१ मध्ये जेम्स बॉनसॅक याने सिगारेट वळणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले. दिवसाला लाखभर सिगारेटी निघू लागल्यावर त्या ओढणार कोण?

रिचमंडच्या ‘अ‍ॅलन अँड गिंटर’ कंपनीने पुठ्ठ्यावर पक्षी छापले, देशोदेशीचे झेंडे छापले, आदिवासी सरदार, मल्ल आणि बेसबॉलपटूही छापले. पन्नास चित्रांचा संच, पण पुडीत निघणार एकच आणि कोणते, ते नशिबावर! संच पुरा करायचा तर पुन्हा तीच सिगारेट घेणे आले. या मोहात मुलेही सापडली, हे विसरून चालणार नाही.

चित्रे मात्र खरोखरच देखणी होती. प्रत्येक रंगासाठी दगडाची वेगळी शिळा, त्यावर कारागिराने हाताने काढलेले चित्र आणि एकावर एक बरोबर बसणारे छाप. राजा रविवर्मा यांची देवादिकांची चित्रे मुंबईत १८९४ पासून छापली गेली, तीही याच शिळाछापाने.

सगळेच काही सात्त्विक नव्हते. जेम्स ड्यूक याच्या कंपनीची स्त्रियांची चित्रे पाहून १८९४ मध्ये खुद्द त्याच्या वडिलांनीच त्याला नाराजीचे पत्र लिहिले. त्याआधी, १८९० मध्ये, ड्यूकने पाच मोठ्या कंपन्या एकत्र आणल्या होत्या. स्पर्धा संपल्यावर चित्रांवर पैसा कोण घालणार?

फेकून देण्यासाठीच जन्मलेले हे पुठ्ठे वाचले, त्याचे मोठे श्रेय जेफरसन बर्डिक याला. सिराक्यूज येथील विजेच्या सामानाच्या कारखान्यातला हा साधा, अविवाहित कामगार. त्याने तीन लाखांहून अधिक कार्डे आणि छापील कागद जमवून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले. संधिवाताने बोटे वाकडी झाली होती, तरी तिथे बसून तो स्वतः ती वह्यांत चिकटवत राहिला. शेवटची वही जानेवारी १९६३ मध्ये पुरी झाली. मार्चमध्ये बर्डिक वारला.